डोळ्याच्या पडद्यासाठी जीन थेरपी की पेशींचं रोपण?

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचा जिना दुपारी धावत चढणारं पोर दिवेलागणीला पायरी पायानं चाचपायला लागतं. पडद्याचा आनुवंशिक आजार निघतो आणि वडोदऱ्यातल्या घरात एकच चर्चा सुरू होते: जीन थेरपी करायची की स्टेम सेलपासून, म्हणजे मूळ पेशींपासून, बनवलेल्या पेशींचं रोपण?

जीन थेरपी जिवंत पेशीला तिच्यात नसलेलं जनुक देते. पेशीच मेली असेल तर ते द्यायचं कुणाला? रोपणात मेलेल्या पेशीच्या जागी नवी बसवतात. म्हणून आधी जनुक-तपासणी आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं प्रकाशानं घेतलेलं स्कॅन, करून घ्या.

लक्सटर्ना या जीन थेरपीच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली, ती फक्त आरपीई६५ जनुकाच्या दोषासाठी. दोष जनुकाच्या दोन्ही प्रतींत हवा, आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्याही. अहवालात दोन दोष दिसले तरी आईवडिलांचंही रक्त तपासा. दोन्ही दोष एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि आजाराचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून बारीक सुईनं पडद्याखाली ०.३ मिली औषध सोडतात, त्यात १५ हजार कोटी विषाणू-वाहक, म्हणजे जनुक पेशीत वाहून नेणारे विषाणू, असतात. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया कमीत कमी ६ दिवसांनी. स्टेरॉइड ३ दिवस आधीपासून, वजनाच्या दर किलोला १ मिग्रॅ, दिवसाला फार तर ४० मिग्रॅ. मोतीबिंदू, डोळ्यातला दाब वाढणं, पडदा फाटणं हे धोके आहेतच. शस्त्रक्रियेत डोळ्यात सोडलेला हवेचा बुडबुडा असेपर्यंत विमान नाही, माउंट अबूही नाही. शस्त्रक्रिया मुंबईत झाली तर परत रेल्वेनं या. किंमत मात्र छाती दडपणारी: अमेरिकेत २०१८ मध्ये ती एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर होती.

एबीसीए४ या दुसऱ्या जनुकाचा दोष असेल तर हा विषाणू-वाहक अपुरा पडतो. त्यात डीएनएची साधारण ४,७०० अक्षरं मावतात, त्या जनुकाचा संकेतच सुमारे ६,८०० अक्षरांचा.

रोपण अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. २०१४ मध्ये जपानच्या कोबे शहरात एका वृद्धेच्या त्वचेपासून बनवलेला रंगद्रव्य-पेशींचा (प्रकाशग्राही पेशींना आधार देणाऱ्या थरातल्या पेशींचा) १.३ × ३ मिमीचा पापुद्रा तिच्या पडद्याखाली बसवला. वर्षभरानं नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवलं. रंगद्रव्य-पेशींचा थर निदान अंथरता तरी येतो. प्रकाशग्राही पेशींना पुढच्या पेशींशी नव्यानं जोडणी करावी लागते, तिथंच गाडं अडतं. पेशी दुसऱ्याच्या असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली.

पोटाच्या चरबीतून ‘स्टेम सेल’ काढून डोळ्यात टोचून घेऊ नका. फ्लोरिडात तीन वृद्धांनी असे पैसे मोजले आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळपास गमावली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार डोळ्यासाठी असा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक मागा. चाचणीच्या नावाखाली कुणी फी मागितली तर उठून निघा.

अहवालात आरपीई६५ चा दोष आणि ओसीटीवर पडदा अजून जाड, म्हणजे पेशी शिल्लक, असतील, तर वर्ष वाया घालवू नका. इतरांनी दरवर्षी त्याच यंत्रावर ओसीटी करावं, अहवालांची फाइल जपावी आणि सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आत्ताच काढून घ्यावं.