व्हॅलेन्सियात पाएया कुठे खायचा: बीचवर की एल पाल्मारला?

पाएया म्हणजे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा पसरट कढईत शिजवलेला भात. ला पेपिका हे रेस्टॉरंट 1898 पासून बीचवर आहे, लेखक हेमिंग्वेपण तिथे जेवायचा, ट्रामने जाता येतं आणि मासेखाऊ असाल तर सीफूडवाला पाएया तिथेच घ्या. पण अस्सल व्हॅलेन्सियन पाएया म्हणजे चिकन, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे आणि केशर, त्यासाठी मी तरी अल्बुफेरा तलावाकाठच्या एल पाल्मारलाच पाठवेन. बसने वेळ जातो खरा, पण आजूबाजूला भातखाचरंच भातखाचरं, आणि लाकडावर शिजवणारं हॉटेल बघून बसलात तर तळाची ती कुरकुरीत खरपुडी, सोकारात म्हणतात तिला, अहाहा, चमच्याने खरवडून खायची! दोन्हीकडे दुपारीच जा, तिथले लोक पाएया दुपारीच खातात. व्हेजवाल्यांनो, भाज्यांचा मिळतो पण रस्सा कशाचाय ते आधी विचारा.