पद्मिनीचं हँडल घ्यायला जा, गादी घ्यायला नको

चिपळूण सोडून खेडच्या दिशेला लागलं की महामार्गाच्या कडेला एक लांबच लांब पत्र्याची शेड दिसते. पाटीबिटी काही नाही. दारात अँबेसिडरचं बॉनेट उभं करून ठेवलंय, तीच खूण. आत जुन्या गाड्यांचा आतला माल मिळतो: सीटच्या फ्रेम, दाराचे पॅड, डॅशबोर्ड, हँडलं, स्पीडोमीटर, आरसे. मालकांना सगळे चाचा म्हणतात.

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी 1979 ची, गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. पत्रा कुठलाही बरा डेंटर सरळ करून देतो, रंगही लागतो. पण ही गाडी बनायची थांबली त्याला दोन तपं उलटली. काच वर-खाली करायचं हँडल तुटलं तर आणायचं कुठून? कुर्ल्याला मिळतं, ही गाडी मुळात तिथेच बनायची. पण तिथे ओळख नसेल तर भाव तोंड बघून ठरतो. चाचांकडे भाव खडूने मालावरच लिहिलेला असतो, आणि त्यातून फार तर शंभर रुपये सुटतात.

हँडलाचंच सांगते. चाचांनी समोर दोन ठेवली, एक नवं लोकल आणि एक जुनं ओरिजिनल. नवं चकचकीत, जुन्याच्या क्रोमवर पुटकुळ्या. मग दोन्ही उलटी करून भोकातले दाते दाखवले. नव्याचे इतके उथळ की नखालाही लागत नव्हते. ‘‘मॅडम, हे महिन्या-दोन महिन्यांत नुसतं घुमेल, काच जागची हलणार नाही.’’ जुन्याचे दाते कडक. साडेतीनशेला एक घेतलं, घरी बसवलं, काच मुकाट्याने वर गेली.

आता गादी आणि पॅडबद्दल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा. त्यात जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाड्यांचा माल अजून फिरतो. मला आवडलेल्या एका पॅडवर रेक्झीन अगदी झकास होतं. चाचांनी ते पालथं केलं, कोपरा नखाने खरवडला, तर हार्डबोर्डचे पापुद्रे सुटले आणि क्लिपच्या भोकातून पिवळट, पिठासारखा गाळ पडला. ‘‘पुरातलं आहे, घेऊ नका,’’ म्हणाले आणि बाजूला फेकलं. हे सांगणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

पण हे चाचा गल्ल्यावर असतील तरच. त्यांचा मुलगा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो, आणि फोटोला वास नसतो. त्याच्याकडून मागवलेलं छताचं कापड उघडलं तर असा कुबट वास, की अंगणात वाळत घातलं तरी जाईना. परत घेतलं, पण अर्ध्याच पैशांत. शिवाय खाजगी बसने आलेल्या स्पीडोमीटरची काच तडकलेली, त्याची जबाबदारी ना बसवाला घेतो ना दुकान. माल हातात घेऊनच घ्यावा.

टॅक्सीतून निघालेला मालही इथे पुष्कळ. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, त्याच्या आधीपासूनच हा ओघ सुरू होता. टॅक्सीचा डॅश ओळखायला सोपा: मीटरच्या स्क्रूंची भोकं आणि सीएनजीच्या स्विचची खाच. वाईट नसतो, फक्त घरगुती गाडीच्या भावात घेऊ नका. आणि पुढच्या सीटला हात घालण्याआधी आपला गिअर कुठे आहे ते सांगा. स्टिअरिंगवर गिअर असलेल्या गाडीला पुढे सलग बाक. पद्मिनीच्या शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलला गिअर खाली आला आणि सीटा सुट्या झाल्या. त्यांचे पाय बाकाच्या जागी बसत नाहीत.

मी स्वतः फक्त सीटची फ्रेम घेतली, स्प्रिंगा शाबूत पाहून. काथ्या, फोम आणि रेक्झीन गुहागरच्या कुशनवाल्याकडून नवीन घालून घेतलं. हार्डबोर्डही नवाच कापून घ्यावा, जुना पॅड फक्त मापाला.

विकायला जाणार असाल तर मन घट्ट करा. सासऱ्यांच्या अँबेसिडरचे पॅड आणि सीट नेल्या होत्या, त्या सरळ वजनकाट्यावर चढल्या. स्टिअरिंगचे मात्र वेगळे अकराशे दिले, चीर नव्हती म्हणून. घासाघीस केली नाही, कारण बाकीचा माल तसाही उंदरांनी खाल्लेला होता.

जीपे चालतं, पक्कं बिल मिळत नाही. शुक्रवारी दुपारी बंद. पद्मिनीचे डावे सनवायझर तिथे ढिगाने पडलेत, उजवा एकही नाही, ड्रायव्हरच तो सारखा ओढत असतो ना. कोणाकडे उजवा असेल तर चाचांकडे विकण्याआधी मला विचारा, काट्यापेक्षा बरा भाव देईन.