टेक्निक्स एसएल-१२०० एमके२: तानपुऱ्याने घेतलेली परीक्षा

मला खरं तर लाकडी चौकटीचा, पट्ट्यावर फिरणारा देखणा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) हवा होता. एसएल-१२०० एमके२ हे डीजे लोकांचं यंत्र घरात शोभेल का, अशी धाकधूक होती. दीड वर्षात तो प्रश्न मीच विसरलोय.

एमके२ आला १९७९ साली. मूळ एसएल-१२०० त्याआधीचा, १९७२ चा. माझा अर्थातच वापरलेला. वजन जवळपास साडेबारा किलो, त्यामुळे लेचापेचा स्टँड चालणार नाही. आत रबरी पट्टा नाहीच. रेकॉर्ड ठेवायच्या ताटलीच्या पोटाला लोहचुंबक आणि खाली बैठकीत कॉइल, म्हणजे ताटली हाच मोटारचा फिरता भाग. बटण दाबलं की सेकंदाच्या आत पूर्ण वेग.

पहिल्या दिवशी मुद्दाम संथ आलापीची रेकॉर्ड लावली. वेग जराही डळमळला की तानपुरा चुगली करतो. गाणाऱ्याच्या आवाजात एक वेळ ते खपून जातं. आधीच्या टर्नटेबलवर षड्ज हिंदकळायचा आणि मी वर्षानुवर्षं बिचाऱ्या रेकॉर्डला बोल लावत होतो. इथे तो जागचा हलला नाही. ताटलीच्या कडेच्या ठिपक्यांवर लाल उजेड पडतो. मोठे ठिपके थिजल्यासारखे दिसले की वेग बरोबर. ते बघत बसायचा नाद लागतो, आधीच सांगून ठेवतो.

वेगाची सरकपट्टी (आठ टक्के वर, आठ टक्के खाली) मला बिनकामाची वाटली होती. आता सगळ्यात जास्त तीच वापरतो. काळी एकमधली रेकॉर्ड सहा टक्क्यांच्या आसपास चढवली की पांढरी दोनला येते, आणि मी पेटी घेऊन सोबत बसतो. लय वाढते, गायकाचा आवाज थोडा कोवळा होतो. शुद्धतावादी मंडळींनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.

जुळवणीला मात्र घाई नको. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आधी हवेत आडवा तरंगला पाहिजे, मग त्याच्या मागच्या वजनाची आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) लागेल तेवढा भार द्यायचा. माझ्याला पावणेदोन ग्रॅम. मी पहिल्यांदा अर्थची वायर जोडायलाच विसरलो. स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ. ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून अॅम्प्लिफायर उघडायला निघालो होतो! लांबून मागवणार असाल तर ताटली आणि आर्मचं वजन काढून वेगळं बांधायला सांगा, नाहीतर आर्मच्या बेअरिंगचं काही खरं नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात: फरक पाडते ती सुई. जुनी काढून लंबवर्तुळाकार टोकाची बसवली आणि शेवटच्या गाण्यातला 'स'चा फिसफिसाट बराच निवला. हेडशेल, म्हणजे आर्मचं कार्ट्रिज बसवायचं टोक, फिरवून काढता येतं, त्यामुळे दुसरी कार्ट्रिज लावून बघणं दोन मिनिटांचं काम. सुईचा भार मात्र पुन्हा लावावा लागतो.

रेकॉर्ड संपली की आर्म आपोआप उठत नाही. आळशी माणसाने विचार करून घ्यावा. मागच्या आठवड्यात ऐकता ऐकता डोळा लागला. जाग आली तेव्हा सुई शेवटच्या खाचेत टक्, टक्, टक् करत होती, आणि मोठे ठिपके जागच्या जागी.