ग्लॉक्सिनियाचे कंद: दोन वर्षांनी लिहितेय

ग्लॉक्सिनिया या कुंडीतल्या फुलझाडाचे कंद मागवून दोन वर्षं होत आली, रिव्ह्यू मुद्दाम थांबवला होता कारण मला नुसती फुलं बघायची नव्हती, क्रॉस करायचा होता, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावून नवी रोपं काढायची होती. दोन घेतले. एक लाल, घंटेसारखी फुलं वर तोंड करून येणारा, आणि दुसरा जांभळा, जुन्या जंगली रूपाचा, ज्याची फुलं चपलेसारखी बाजूला कललेली असतात. दोन्ही टणक आले, कुठे कुजकं नाही, कोंब तीन आठवड्यांत दिसले. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लेबलसाठी, लाल कंदावर नुसतं "लाल" लिहिलंय, जातीचं नाव नाही, क्रॉस करणाऱ्याला आईबाप कोण तेच कळलं नाही तर वहीत लिहायचं काय?

मी जांभळ्याला आई केलं. कळी उघडता उघडताच चिमट्याने त्याचे एकमेकांना चिकटलेले पराग देणारे केसर काढून टाकले (त्यात ते चारच असतात, सरळ फुलात पाच, मोजून बघा), मग काही दिवसांनी मधलं टोक चिकट झालं तेव्हा लालचा पराग ब्रशने लावला. बोंड तडकायला दोनेक महिने लागले, बी अगदी धुळीसारखं, त्याच्यावर माती टाकायची नाही, उजेड मिळाला तरच नीट उगवतं.

पहिल्या पिढीत सगळीच्या सगळी फुलं कललेली! एकही सरळ नाही. मला वाटलं लालचा पराग लागलाच नाही की काय, पण रंग आईसारखा जांभळा नव्हता, लालसर झाक होती, म्हणजे क्रॉस झालाच होता. मग त्यातल्याच एका झाडाला स्वतःचाच पराग लावला आणि पुढची रोपं वाढवली, फुलं यायला सहा महिने गेले. 26 झाडं फुलली, 19 कललेली आणि 7 सरळ. तीनास एक! वही घेऊन दोनदा मोजलं मी.

सरळपणा हा दबून राहणारा गुण आहे, फुलाची वरची आणि खालची बाजू वेगळी ठेवणाऱ्या जनुकातली डीएनएची 10 अक्षरं गळाली की फूल सरळ होतं, पण आई आणि बाप दोघांकडून गळालेलीच प्रत यावी लागते. ब्राझीलमधलं मूळ झाड कललेलंच, पहिलं सरळ फूल 1845 मध्ये स्कॉटलंडला जॉन फाइफ नावाच्या माळ्याकडे आलं, आज सगळीकडे दिसतात ती त्याच प्रकारची. रंगाचं गणित मात्र इतकं सोपं नाही, माझ्याकडे गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत इतक्या छटा आल्या की गट पाडताच आले नाहीत.

क्रॉससाठी घेणार असाल तर हे दोन रूपांचे कंद जोडीनेच घ्या, एकट्या लालमधून यातलं काहीच दिसलं नसतं. त्या सातपैकी एकाला मी स्वतःचाच पराग लावलाय, बोंड भरत आलंय. त्याची सगळी रोपं सरळच फुलायला हवीत, एक जरी कललेलं निघालं तरी माझ्या ब्रशला दुसरा पराग चिकटलेला होता असंच धरणार.