हायब्रिड सायकल, हिरावाडी ते सातपूर: अकरा महिन्यांनंतर

मे अखेरीस सायकल घेतली, आता एप्रिल संपत आलाय. मीटरवर ४,९०० किलोमीटर झालेत. आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका'त दोघांत मिळून साधारण एवढंच अंतर नऊ दिवसांच्या आत तोडलं होतं. मला अकरा महिने लागले. मध्ये रोज आठ तासांची ड्यूटीही केली, एवढं आपलं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

सायकल अशी: अॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे दोन-मागे आठ गियर, शिमानोचा साधा सेट, ७०० बाय ३५ चे टायर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढचा फोर्क साधा, बिनसस्पेन्शनचा. २७,९०० रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीला तीन-चार जण जवळपास हेच सामान वेगवेगळ्या रंगांत विकतात, त्यामुळे खाली लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याही सायकलला लागू पडावं.

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पहिली पाळी, सात ते साडेतीन. घर हिरावाडीत. पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, होळकर पूल, रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक नाका आणि मग सरळ त्र्यंबक रोड. एका बाजूला अकरा किलोमीटर. स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत पोचायचो, सायकलवर चाळीस मिनिटं लागतात. संध्याकाळी सीबीएसला गाड्या तुंबल्या की दोन्ही सारखंच.

बाबांनी याच रस्त्यानं याच एमआयडीसीत पंचवीस वर्षं नोकरी केली, २२ इंची काळ्या अॅटलासवर. नवी सायकल घरी आली तेव्हा ते तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"मडगार्ड कुठंय?"

"याला नसतो बाबा."

"स्टँड?"

"तो वेगळा घ्यावा लागतो."

"कॅरिअर, बेल, चेनकव्हर, डायनामो?"

मी म्हटलं, हलकी आहे, एका हातानं उचलून बघा. त्यांनी उचलली. "आहे खरी हलकी. खिसाही बराच हलका करून आली असंल."

तेव्हा हसून सोडून दिलं. पुढच्या अकरा महिन्यांत त्यांच्या यादीतली एकेक वस्तू कुठल्या ना कुठल्या ऋतूनं मला विकत घ्यायला लावली.

पहिला नंबर मडगार्डचा, जूनमध्ये. खारीच्या पाठीवर रामानं बोटं ओढली म्हणतात. पंचवटीतून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर मागच्या चाकानं ओढली. कॉलरपासून कमरेपर्यंत सरळ चिखलाचा पट्टा. आधी २५० रुपयांचं सीटखाली अडकवायचं प्लॅस्टिकचं पान घेतलं. ते खड्ड्यागणिक डावी-उजवी मान हलवायचं आणि पाणी मात्र होतं तिथंच उडायचं. शेवटी ८५० चे पूर्ण लांबीचे बसवले. बसवताना कळलं की मागची दांडी डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवर आदळते. ती वाकवून, खाली वॉशर घालून बाहेर काढावी लागते. सायकल घ्यायला जाल तेव्हा गियर मोजण्याआधी फ्रेमच्या मागच्या टोकाला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का ते बघा. दुकानदार ते आपणहून सांगणार नाही.

पावसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सायकलची खरी परीक्षा तिथंच झाली. बाकीच्या सात महिन्यांत मिळून बिघडलं नाही तेवढं जून ते सप्टेंबरमध्ये बिघडलं.

पंक्चर. एकूण चौदा, त्यातली नऊ पावसाळ्यात. पाण्याबरोबर काचा-खिळे वाहून रस्त्याच्या कडेला येतात आणि आपण चालवतो कडेनंच. शिवाय ओलं रबर लवकर चिरतं. आमच्याकडे त्यात आणखी एक भर असते, ती म्हणजे लेथची बर. लोखंडाची ती कुरळी, निळसर झाक असलेली चिंधडी ट्रकमधून सांडते आणि टायरमध्ये स्क्रूसारखी शिरते. जुलैत एकदा कंपनीच्या गेटपासून दोनशे मीटरवर मागचं चाक बसलं. चिमट्यानं बर ओढून काढली, निरखून बघितली, तर आमच्याच शॉपमधली असावी अशी दाट शंका आली. रिजेक्शन कुणावर टाकायचं?

पंक्चरवाल्या मामांचा प्रश्न वेगळाच होता. माझ्या ट्यूबला फ्रेंच व्हॉल्व्ह, तो बारीक नळीसारखा असतो तो. मामांनी हवेचं नोजल लावून बघितलं, काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, "दादा, हा वॉल मापात नाही." चाळीस रुपयांचं पितळी अॅडॉप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, मग मोटरसायकलच्या हवेवरही काम भागतं. ऑगस्टमध्ये टायर बदलून पंक्चररोधक पट्टीवाले घातले, जोडी ३,४०० ला. जड आहेत, पहिले चार दिवस कुणीतरी मागून सायकल धरून ठेवल्यासारखं वाटलं. पण तेव्हापासून आजपर्यंत चारच पंक्चर. या अकरा महिन्यांतला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच.

ब्रेक. डिस्क पावसात चांगला थांबवतो, यात वाद नाही. रिमच्या ब्रेकसारखं आधी पाणी पुसायचं आणि मग धरायचं असं होत नाही. मात्र नाशिकचा चिखल पॅडला पॉलिश पेपरसारखा घासतो. सायकलबरोबर आलेले पॅड ऑगस्टच्या मध्यालाच संपले. तारेच्या डिस्कला एकाच बाजूचा पॅड सरकतो, दुसरा आपण आतल्या स्क्रूनं पुढे घ्यायचा असतो. मला हे माहीत नव्हतं, मी आपला तारच ताणत बसलो. आणखी एक घोळ निव्वळ माझाच. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना फवारा डिस्कवर उडाला. दुसऱ्या दिवशी ब्रेक धरला की रविवार कारंजावरची माणसं वळून बघायची, अशी किंकाळी. स्पिरिटनं डिस्क पुसली, पॅड पॉलिश पेपरवर घासले, तेव्हा कुठं दोन दिवसांनी आवाज गेला. चेनला थेंबाथेंबानंच तेल घाला, आणि घातल्यावर वरचं पुसून काढा. स्प्रे कपाटात राहू द्या.

चेन एका रात्रीत तांबूस होते. पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी पुसणं-तेल, त्याला पर्याय नाही. एवढं करूनही ३,४०० किलोमीटरला गेजवर ती ताणलेली दिसली, तेव्हा बदलली. वेळेत बदलली म्हणून मागची गियरची थाळी वाचली.

बुटांचा नाद सोडा. पावसाळाभर रबरी सँडल घातले, सेफ्टी शूज कंपनीतल्या लॉकरमध्ये. रेनकोटची पँट आतून घामानं तेवढीच भिजते, म्हणून फक्त वरचं जॅकेट घालायचो आणि शॉर्टवर जायचो. सिक्युरिटीवाल्यांनी पहिला आठवडा अडवलं. नंतर तेच विचारायला लागले, "साहेब, आज जास्त भिजलात का कमी?"

आणि वारा. जून-जुलैत तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे सकाळी त्र्यंबक रोडला थेट तोंडावर. कागदावर सपाट दिसणारा तो रस्ता तसाही हळूहळू चढत जातो. त्या दिवसांत मी दोन गियर खाली उतरून, मुकाट्यानं मान खाली घालून चालवायचो. परतताना तोच वारा पाठीवर. साडेतीनला सुटल्यावर ते सुख काय असतं ते सांगून कळायचं नाही.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की होळकर पुलावर दोन मिनिटं थांबायचं, हा माझा नेम होता. स्कूटरवर कधी थांबलो नव्हतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, अशी मोजदाद करत उभे असलेले लोक, शेजारी कणीसवाला, आणि खाली गढूळ लोंढा. एकदा तिथं उभ्या उभ्याच सायकल आडवी झाली. स्टँड नव्हता ना. कठड्याला टेकवली होती, तिथून घसरली आणि मागच्या गियरचा हँगर, म्हणजे गियर ज्या पट्टीला लटकतो ती, वाकला. ४५० रुपयांचा स्टँड त्याच संध्याकाळी घेतला. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

ऑक्टोबरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऊन चावतं, घाम येतो. पाठीवरच्या सॅकमुळे शर्टाचा पाठीकडचा भाग कायम ओला, म्हणून कॅरिअर आणि बाजूला अडकवायची पिशवी घेतली. रविवारी गिरणाऱ्याकडे जायचो. त्या दिवसांत तो रस्ता टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअपचा असतो, वळणावर चिरडलेला टोमॅटो पडलेला असतो आणि त्यावर चाक तेलावर सरकावं तसं सरकतं. रविवारच्या फेऱ्यांचा दुसरा धोका म्हणजे मिसळ. पस्तीस किलोमीटर मारायचे आणि काळ्या रश्श्याबरोबर चार पाव खायचे. माझं वजन अकरा महिन्यांत फक्त अडीच किलो उतरलंय, त्याचा हिशेब इथं लागतो.

सीटबद्दल. पहिले सहा आठवडे गुडघ्याची वाटी दुखत होती, मला वाटलं वय झालं. सीटच खाली होती. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा, एवढं एका जाणत्यानं सांगितलं. चार सेंटीमीटर वर केली, पंधरा दिवसांत दुखणं गेलं. मूळची सीट मात्र फारच मऊ जेलची होती. दुकानात बसून बघताना मऊ बरी वाटते, तासाभरानं नको होते. जरा कडक, रुंद सीट १,६०० ला घेतली आणि सुटलो.

थंडीत सव्वासहाला निघायचं म्हणजे काळोखात निघायचं. जानेवारीत नाशिकला सूर्य उगवतो सातनंतर. पेपरात निफाडच्या पाऱ्याची बातमी वाचायला छान वाटते, पुलावर नदीवरून आलेला गार वारा बोटांच्या पेरांत शिरला की ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि दोन दिवे, पुढचा पांढरा, मागचा लाल. पुढचा दिवा दूधवाल्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा खाली झुकवून लावा. रोज चार्ज करताना मला बाबांचा डायनामो आठवायचा, चाकाला टेकून घुर्र करणारा. पायात जोर आहे तोवर उजेड, आणि बॅटरी संपायची भीती नाही.

थंडीतली दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी पावणेचारच्या सुमारास, त्र्यंबक रोडनं उतारावर येत होतो. हँडलच्या उजव्या टोकाला मी छोटा आरसा लावलाय. अचानक तो आरसा कुणीतरी मुठीत धरून मागे खेचल्यासारखा वळला. ब्रेक धरला, पाय टेकला. आरशाच्या दांडीला मांजा गुंडाळला होता, इतका बारीक की उन्हात तिरपं बघितल्याशिवाय दिसेना. सोडवायला गेलो तर हातमोज्यातून बोट कापलं. दांडीच्या प्लॅस्टिकवर करवतीनं पाडावी तशी खाच पडलीय, आजही आहे. आरसा नसता तर तो दोरा पुढे कुठं आला असता याचा विचार तिथं उभं राहून केला, मग नाही केला. नायलॉन मांजावर बंदी आहे. तरी डिसेंबर-जानेवारीत मी गळ्याला दुहेरी मफलर गुंडाळल्याशिवाय निघत नाही. तुम्हीही निघू नका, मग सायकल असो की स्कूटर.

रंगपंचमीला शहाणपण करून सायकल घरी ठेवली, चालत गेलो. पण दुसऱ्या दिवशी रहाडीजवळच्या, म्हणजे रंग खेळायच्या हौदाजवळच्या, ओल्या रस्त्यावरून गेलोच. ब्रेकच्या तारेचं पांढरं आवरण तेव्हापासून गुलाबी आहे.

आता पैशांचं. सायकल २७,९०० ची. त्यावर आजवर घातलेलं सगळं सामान, ट्यूब, पॅड, चेन धरून, १४,६००. स्कूटरचं पेट्रोल महिन्याला आठ-नऊशेचं वाचतं. म्हणजे वरचा खर्चसुद्धा अजून पुरता निघालेला नाही. पैसे वाचवायला म्हणून घेणार असाल तर पहिल्या वर्षी निराश व्हाल. खरेदीच्या वेळी सायकलीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवा, म्हणजे माझ्यासारखं प्रत्येक वस्तूसाठी आधी भिजायला, पडायला किंवा चिरायला लागणार नाही.

याच किमतीत सस्पेन्शनवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मिळते, ती घ्यायची का असं दोघा-तिघांनी विचारलं. रोज डांबरावर वीस किलोमीटर करायचे असतील तर नको. तो स्वस्तातला फोर्क खड्डा कमी आणि तुमचा जोर जास्त खातो. सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर खोदलंय, तरी ३५ च्या टायरवर, हवा जरा कमी ठेवून, माझं निभावतंय.

मीटर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, बेल, दिवे लावून परवा सायकल वजनकाट्यावर टाकली. घेतली तेव्हा साडेबारा किलो होती, आता साडेपंधरा. बाबांना सांगितलं. ते अंगणात आले, स्टँड पायानं दोनदा वर-खाली करून बघितला, बेल वाजवली. मग वाकून चेनकडे बोट दाखवत म्हणाले, "एवढंच उघडं राहिलं."

पुढे दोन थाळ्या असल्या की पूर्ण चेनकव्हर बसत नाही, असं तीन दुकानांत सांगून झालंय. त्यामुळे उजव्या पायाला रबरबँड लावून जातो, आणि पँटला काळा डाग पडतोच. पावसाळ्याआधी पुढे एकच थाळी ठेवून कव्हर बसवता येईल का ते बघतोय. कुणी केलं असेल तर खाली सांगा, खर्च किती आला तेही.