मूळगाठी सूत्रकृमी: माती तापवावी, झेंडू घ्यावा, प्रतिकारक वाण लावावा की औषध सोडावं?

पाणी असूनही टोमॅटो दुपारी मान टाकतो, खत देऊनही पिवळेपणा जात नाही, अशा वेळी आधी एक झाड मातीसकट उकरून काढा. उपटू नका, बारीक मुळं जमिनीतच तुटतात. मूळच जागोजागी फुगलेलं दिसलं तर मूळगाठी सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे मातीतले बारीक धाग्यासारखे कृमी. कडधान्यात मात्र नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या उपयोगी गाठींशी गल्लत होते. त्या बोटाने सहज सुटतात, या सुटत नाहीत.

माझ्या मते निर्णय एकाच गोष्टीवर ठरतो: रान किती दिवस रिकामं ठेवता येईल?

ऐन उन्हाळ्यातले चार ते सहा आठवडे मिळत असतील तर माती तापवाच. ढेकळं फोडा, पाणी द्या, पारदर्शक प्लास्टिक जमिनीला चिकटवून अंथरा, कडा मातीत दाबा. काळं नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. अडचण एवढीच की उष्णता वरच्या वीतभर थरातच नीट पोचते. खोलवरचे कृमी नंतर वर येतात, त्यामुळे फायदा बहुधा एका पिकापुरता.

झेंडूची मुळं हे कृमी कमी करतात, पण त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, तेही सलग दाट लागवड करून. बांधावर चार ओळी लावून भागत नाही. त्यात तण माजलं तर कृमी तणाच्या मुळांवर पोसतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

रान रिकामं ठेवणं शक्यच नसेल तर प्रतिकारक वाण किंवा प्रतिकारक खुंटावरची कलमी रोपं घ्या. टोमॅटोतला कृमींना रोखणारा ‘एमआय’ जनुक चांगलं काम करतो, पण मातीचं तापमान २८ अंशांच्या वर टिकून राहिलं की त्याचा जोर ओसरतो. शिवाय या कृमींच्या सगळ्या प्रजातींवर तो चालत नाही. मेलोइडोगायने एंटेरोलोबी ही प्रजाती त्याला जुमानत नाही.

फ्लुओपायरमसारखं सूत्रकृमीनाशक औषध लावणीच्या सुमारास कोवळी मुळं वाचवतं. आलेल्या गाठी मात्र त्याने जिरत नाहीत. म्हणून उशिरा सोडलेल्या औषधावरचा खर्च मला पटत नाही. कृमींच्या अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम बुरशी सावकाश काम करते. शेणखताबरोबर जोड म्हणून ती जरूर द्या, एकट्या तिच्यावर विसंबू नका.

उभ्या पिकात गाठी सापडल्या असतील तर पाणी थोडं-थोडं पण वरचेवर द्या आणि निघेल तेवढं उत्पन्न घ्या. शेवटचा तोडा होताच मुळं खणून रानाबाहेर नष्ट करा. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि ती त्या मुळांवरच चिकटलेली असतात.