4,000 वाचवायच्या नादात 26,000 गेले

नाताळच्या सुट्टीत आम्ही नऊ जण अलिबागला जाणार होतो. एका नावाजलेल्या बुकिंग अ‍ॅपवर नागावचा स्विमिंग पूलवाला बंगला आवडला, दोन रात्रींचे 30,000. चौकशी केली तर मालकाने चॅटमध्येच मोबाइल नंबर दिला, पण आकड्यांत नाही, अक्षरांत लिहून. अ‍ॅपला नंबर पकडता येऊ नये म्हणून ही युक्ती. मला तेव्हा वाटलं, माणूस हुशार आहे!

"ताई, अ‍ॅपवाले कमिशन कापतात. थेट दिलेत तर 26,000 मध्ये करून देतो." आधार कार्डाचा फोटो, बंगल्याचा व्हिडिओ, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. दुपारी 10,000 टोकन दिलं. संध्याकाळी "दुसरी पार्टी थांबलीय" म्हणून उरलेले 16,000. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." आधारवरचं आडनाव वेगळं होतं. मी ते वाचलं होतं, तरी पिन टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी 5,000 डिपॉझिट मागितलं, तेव्हा कुठे शंका आली. नवऱ्याचा चुलतभाऊ शेजारीच चौलला असतो. तो जाऊन बघून आला. बंगला खरा होता. वॉचमन म्हणाला, मालक मुंबईला असतात, भाड्याने कधीच देत नाहीत.

लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पण पैसे आदल्या रात्रीच त्या खात्यातून पुढे गेले होते. ते खात्यात असतानाच तक्रार गेली, तर गोठवता येतात. बँकेत मी रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम सांगायला गेले: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाचं नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, तो तुमच्या नकळत पैसे गेले तर लागू होतो. इथे पिन तुम्हीच टाकलाय. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. अ‍ॅपनेही हात वर केले: बाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी आमची नाही. त्यांच्यामार्फत दिले असते तर आम्ही बंगल्यावर पोचेपर्यंत मालकाला एक पैसा मिळाला नसता. हे त्याच चॅटच्या वर बारीक करड्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

त्या भामट्याने मला ब्लॉक करायचीही तसदी घेतली नाही. चार दिवसांनी त्याचं स्टेटस दिसलं, तोच पूल, तोच झोपाळा: "31 डिसेंबर. एकच बंगला शिल्लक."